हजेरीपटापासून संगणकीय तक्त्यापर्यंत : कामाच्या तासांचा हिशेब

महिन्याची अखेर जवळ आली की लहान कारखाना असो, सहकारी संस्था असो वा ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, तेथील कारकुनाच्या टेबलावर हजेरीपट उघडला जातो. लाल शाईच्या रेघा, ‘ह’ आणि ‘गै’ची अक्षरे, कडेला पेन्सिलीने मांडलेल्या बेरजा आणि शेवटच्या रकान्यातील मजुरीची रक्कम असे त्याचे परिचित रूप असते. गेल्या काही वर्षांत या हजेरीपटाच्या शेजारी संगणक येऊन बसला आहे. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क यांसारख्या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे संगणकीय तक्त्यात, येण्याजाण्याच्या वेळा भरावयाच्या आणि बेरीज यंत्राने करावयाची, अशी पद्धत आता खेडोपाडी पोहोचली आहे. बेरीज यंत्राने केली म्हणजे ती बरोबरच असणार, अशी समजूतही तिच्याबरोबर आली आहे. यंत्र बेरीज चुकत नाही हे खरे. परंतु आपण त्याला कशाची बेरीज करावयास सांगितली आहे, हे त्याला कळत नाही. या एका फरकातून कामगाराच्या पाकिटातील किती रक्कम कमी होऊ शकते, हे समजून घेणे मालक, कारकून आणि कामगार या सर्वांच्या हिताचे आहे.

कामाचे तास मोजण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मुंबईतील कापड गिरण्या प्रारंभी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. तेव्हा तास मोजावयाचे ते कोणत्या घड्याळाने, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर, म्हणजे १९०५ च्या सुमारास, सूर्यास्ताची मर्यादाही उरली नाही आणि कामाचा दिवस अधिकच लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी चोपन्न तास आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तास अशा पायऱ्यांनी ही मर्यादा खाली आली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायम केला आणि जादा कामासाठी दुप्पट दराची तरतूद केली. गोवामुक्तीनंतर भारतीय कामगार कायदे या प्रदेशातही लागू झाले. पुढे २०१९ व २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या आणि १९४८ च्या अधिनियमाची जागा त्यांनी घेतली. जादा कामाचा मोबदला दुपटीपेक्षा कमी नसावा, हे तत्त्व त्यांतही कायम आहे.

घड्याळाबाबतचा एक प्रसंग येथे नमूद करण्यासारखा आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागे होती. गिरण्यांनी नवी वेळ स्वीकारताच, आपल्याला रोज एवढी मिनिटे लवकर कामावर यावे लागणार, या जाणिवेने गिरणी कामगारांनी निषेध केला. मिनिटांचा हिशेब हा केवळ कारकुनीचा विषय नाही, हे त्या कामगारांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते.

संगणकीय तक्त्याचा इतिहास त्यामानाने अल्प आहे. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन या दोघा अमेरिकनांनी १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हा पहिला लोकप्रिय तक्ता तयार केला. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आला आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’. या सर्वांचे तत्त्व एकच आहे. आडव्या ओळी आणि उभे रकाने यांच्या छेदांतून घरे तयार होतात. काही घरांत आपण आकडे लिहितो आणि काही घरांत सूत्रे. आकडा बदलला की सूत्राचे उत्तर आपोआप बदलते. कागदावर एका दिवसाची नोंद दुरुस्त केली की खालची बेरीज खोडून पुन्हा करावी लागे. ती यातायात या तक्त्याने संपविली.

संगणकाच्या लेखी वेळ म्हणजे काय?

सर्व अडचणींचे मूळ एका गोष्टीत आहे. आपण घरात ९:३० असे लिहितो तेव्हा संगणक ते ‘साडेनऊ’ म्हणून ठेवीत नाही. त्याच्या दृष्टीने पूर्ण दिवस म्हणजे १ आणि वेळ म्हणजे त्या दिवसाचा अंश. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा म्हणजे ०.५, सायंकाळचे सहा म्हणजे ०.७५. आठ तासांची पाळी म्हणजे दिवसाचा एक-तृतीयांश. घरात ९:३० दिसते ते केवळ आपल्या सोयीसाठी चढविलेले वस्त्र. आत असतो तो अपूर्णांक. तारखांचेही तसेच. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस असून तेथून पुढे दिवस मोजले जातात; या गणतीनुसार गोवामुक्तीचा दिवस, १९ डिसेंबर १९६१, हा २२६३४ वा ठरतो. (या गणतीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवसही धरलेला आहे! ‘लोटस’मध्ये राहिलेली ही चूक, जुने तक्ते नव्या तक्त्यांशी जुळावेत म्हणून, एक्सेलमध्ये जाणूनबुजून तशीच ठेवण्यात आली. तासांच्या हिशेबाला तिची बाधा होत नाही.)

या रचनेचा लाभ असा की जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली की कामाचा काळ मिळतो. सकाळी ९:०० ला आलेला कामगार सायंकाळी १७:३० ला गेला, तर वजाबाकीचे उत्तर ८:३०. मात्र वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहिण्याची सवय लावून घ्यावयास हवी. सायंकाळचे ‘५:३०’ असे नुसते लिहिले तर संगणक ते पहाटेचे साडेपाच समजतो, कारण त्याला कोणी वेगळे सांगितलेले नसते. रेल्वेच्या वेळापत्रकाशी परिचय असणाऱ्यांना ही पद्धत अवघड जाऊ नये.

तास आणि मिनिटे यांच्यामध्ये अपूर्णविरामासारखी दोन टिंबे द्यावयाची, दशांशाचे एक टिंब नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे. वेळेसाठी राखलेल्या घरात ९.३० असे लिहिले तर संगणक त्याचा अर्थ ‘नऊ पूर्णांक तीन-दशांश दिवस’ असा घेतो आणि घरात ७:१२ ही वेळ दाखवितो, कारण दिवसाचा तीन-दशांश भाग म्हणजे सात तास बारा मिनिटे. साडेनऊ लिहिले असता सात बारा कसे उमटले, या कोड्याने अनेक कारकून हैराण झालेले आढळतात. सातबाराचा उतारा ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना तर हा विनोदच वाटावा. दुसरी खूण अशी की संगणकाने जे घर आकडा म्हणून स्वीकारले ते सामान्यतः उजवीकडे सरकून बसते आणि जे नुसता मजकूर म्हणून ठेवले ते डावीकडे. देवनागरी अंकांत भरलेली वेळ काही संगणकांवर मजकूर ठरते आणि बेरजेतून निःशब्दपणे वगळली जाते. तक्त्याची शीर्षके मराठीत जरूर असावीत. परंतु वेळेचे आकडे इंग्रजी अंकांत भरणे तूर्त अधिक सुरक्षित आहे.

पावणेआठ आणि सात पंचेचाळीस

आता ज्या चुकीने सर्वांत अधिक नुकसान होते तिच्याकडे वळू. पुष्कळ ठिकाणी येण्याजाण्याच्या वेळा न लिहिता कारकून थेट कामाचे तास लिहितो. सात तास पंचेचाळीस मिनिटे काम झाले की तो ‘७.४५’ असे नोंदवितो आणि महिनाअखेर त्या रकान्याची बेरीज करून तिला ताशी दराने गुणतो. वरकरणी यात काही वावगे दिसत नाही. परंतु ७.४५ याचा दशांश पद्धतीतील अर्थ सात तास आणि एका तासाचे पंचेचाळीस शतांश, म्हणजे सात तास सत्तावीस मिनिटे असा होतो. रोजची अठरा मिनिटे कोठेही नोंद न होता नाहीशी झाली.

हिशेब मांडून पाहू. एखाद्या काजू कारखान्यातील स्त्री कामगाराने महिन्यातील २६ दिवस रोज सात तास पंचेचाळीस मिनिटे काम केले. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ताशी दर ६० रुपये धरू. तिचे खरे तास २०१.५ आणि मजुरी १२,०९० रुपये. ७.४५ च्या नोंदीवरून येणारे तास १९३.७ आणि मजुरी ११,६२२ रुपये. फरक ४६८ रुपयांचा, म्हणजे सात तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. महिन्यातून एक पूर्ण दिवस तिने विनामोबदला काम केले आणि ते तिलाही कळले नाही, कारकुनालाही नाही. कोणाचा हेतू वाईट नव्हता. कागद पाहिला तर प्रत्येक दिवसापुढे ‘७.४५’ स्पष्ट दिसते, आणि ते वाचणारा मनात ‘सात पंचेचाळीस’ असेच म्हणतो. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे टिकून राहते.

येथे जुन्या शाळामास्तरांची आठवण व्हावी. मराठी माणूस ‘सात पंचेचाळीस’ म्हणत नाही, तो ‘पावणेआठ’ म्हणतो. पाऊण, सवा, दीड, अडीच हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत त्याला तासाचे चार पाव असतात हे वेगळे शिकवावे लागत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी यांचे पाढे शाळांतून घोकून घेतले जात त्या काळी, रुपयाचे सोळा आणे असताना, टिंबानंतरचा आकडा म्हणजे शंभरावा भाग ही सवय कोणाला नव्हती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, व्यवहार सुलभ झाला; पण टिंबानंतर पंचेचाळीस म्हणजे शंभरातील पंचेचाळीस ही दृष्टीही पक्की झाली. तास मात्र अजून साठ मिनिटांचाच आहे. पावणेआठ म्हणजे ७.७५, सवाआठ म्हणजे ८.२५, साडेआठ म्हणजे ८.५ एवढे कारकुनाच्या टेबलावरील पुठ्ठ्यावर लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होईल. इयत्ता सहावी-सातवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक शिकविताना शिक्षकांनी हेच उदाहरण घ्यावे. ज्या घरात आई किंवा वडील रोजंदारीवर आहेत, त्या घरातील मूल हे गणित कधी विसरणार नाही.

यावर निर्दोष उपाय म्हणजे तासांची संख्या हाताने न लिहिता येण्याजाण्याच्या वेळा लिहिणे आणि वजाबाकी संगणकावर सोपविणे. येणारे उत्तर दिवसाच्या अंशात असते, म्हणून मजुरी काढण्यापूर्वी त्याला २४ ने गुणावयाचे. ७:४५ ला २४ ने गुणले की ७.७५ मिळते आणि त्याला ताशी दराने गुणले की रक्कम. हा २४ चा गुणाकार विसरला तर रक्कम इतकी क्षुल्लक येते की चूक लगेच लक्षात येते. त्यामुळे तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. भय असते ते खऱ्यासारख्या दिसणाऱ्या उत्तरांचे.

चोवीस तासांनंतरचा गोंधळ

असेच खऱ्यासारखे दिसणारे एक उत्तर महिन्याच्या बेरजेत मिळते. रोज आठ तासांप्रमाणे २६ दिवसांचे २०८ तास व्हावयास हवेत. तक्त्यात बेरीज केली की घरात १६:०० एवढेच दिसते. घड्याळाचा काटा चोवीस तासांनी पुन्हा शून्यावर येतो, तसा संगणक पूर्ण दिवस बाजूला ठेवून उरलेले तास दाखवितो. आतील आकडा बरोबर असतो, आठ पूर्ण दिवस आणि सोळा तास. चुकीचे असते ते वस्त्र. यासाठी त्या घराचा फॉर्मॅट बदलावा लागतो. फॉर्मॅटच्या यादीत ज्या नमुन्यात तासाचे ‘एच’ हे अक्षर चौकोनी कंसात दिलेले असते, तो नमुना निवडला की साठलेले सर्व तास दिसू लागतात आणि २०८:०० असे पूर्ण उत्तर मिळते. त्या दोन कंसांत महिन्याचे एकशे ब्याण्णव तास सामावलेले आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मध्यरात्र ओलांडणारी पाळी हा याहून नाजूक विषय. गोव्यात सकाळी घरोघरी पोहोचणारा पाव रात्रीच्या कामातून तयार होतो. पोदेराच्या भट्टीवरचा कामगार रात्री २३:०० ला येतो आणि सकाळी ६:३० ला जातो. सरळ वजाबाकी केली तर उत्तर ऋण येते. ऋण वेळ दाखविण्याची सोय नसल्याने एक्सेल त्या घरात नुसत्या फुल्यांची रांग उभी करते. हॉटेले, रुग्णालये, औषधांचे कारखाने, पहारेकरी या सर्वांच्या तक्त्यांत ही रांग दिसते. यासाठी ‘मॉड’ नावाचे सूत्र उपयोगी पडते. जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा करून त्या उत्तराला १ ने भागावयाचे आणि बाकी घ्यावयाची, असे हे सूत्र सांगते. ऋण उत्तरात एक पूर्ण दिवस मिळविला जातो आणि साडेसात तास बरोबर मिळतात. दिवसपाळीच्या नोंदीवर या सूत्राचा काही परिणाम होत नाही. म्हणून ते सर्वच ओळींना लावता येते.

तथापि या सूत्राचा एक दोषही आहे. दिवसपाळीचा कामगार सकाळी ९:०० ला आला आणि जाण्याची वेळ १८:०० ऐवजी चुकून ६:०० अशी लिहिली गेली, तर साधी वजाबाकी फुल्या दाखवून ओरडली असती. ‘मॉड’ मात्र शांतपणे एकवीस तास दाखविते. म्हणून बारा तासांहून अधिक उत्तर आल्यास घर आपोआप तांबडे व्हावे, अशी व्यवस्था करून ठेवावी. तक्त्यांत अशी सोय असते. रात्रपाळ्या नेहमीच असतील तर वेळेसोबत तारीखही लिहिणे अधिक उत्तम. त्यात श्रम थोडे अधिक आहेत. परंतु अंदाज करण्याची पाळी संगणकावर येत नाही. मध्यरात्रीनंतरचे तास कोणत्या दिवसाचे, याचे उत्तर कायद्याने पूर्वीच दिलेले आहे. १९४८ च्या अधिनियमात असे तास आदल्या दिवसाच्या खात्यात धरले जात आणि नव्या संहितेतही तोच विचार आहे. सोमवारी रात्री सुरू झालेली पाळी मंगळवारी पहाटे संपली तरी ती सोमवारचीच ठरते.

जेवणाची सुटी आणि पाच मिनिटांचा प्रश्न

जेवणाची अर्धा तास सुटी सूत्रातच वजा करून टाकण्याचा प्रघात फार आहे. कारकुनाला तो सोयीचा वाटतो. ज्या दिवशी मालाची गाडी दारात उभी आहे म्हणून कामगारांनी उभ्याउभ्याच चार घास खाल्ले, त्या दिवशीही तो अर्धा तास वजा होतो. आणि सूत्र दृष्टीआड असल्याने कोणाला तक्रार करावयाचेही सुचत नाही. म्हणून येणे, सुटीवर जाणे, परत येणे आणि घरी जाणे असे चार रकाने ठेवावेत. सकाळचा काळ आणि दुपारचा काळ वेगळा काढून त्यांची बेरीज घ्यावी. जेथे हे शक्य नाही तेथे सुटीचा कालावधी स्वतंत्र रकान्यात प्रत्येक दिवशी लिहावा, म्हणजे सुटी मिळाली नाही तर तेथे शून्य लिहिता येईल.

मिनिटे पूर्णांकात आणण्याची रीतही कागदी हिशेबाच्या काळातील आहे. कामगार ९:०७ ला आला तर सव्वानऊ धरावयाचे आणि १७:४२ ला गेला तर साडेपाच, अशा पद्धतीने बेरजा सोप्या होत. दोन्ही वेळा तोटा कामगाराचाच, हेही खरे. या उदाहरणात एका दिवसात वीस मिनिटे. जवळच्या पाव तासाकडे दोन्ही बाजूंनी सारखाच कल ठेवला तर महिन्यात फायदातोटा बहुधा समतोल राहतो आणि तेवढ्यापुरती ती रीत न्याय्य म्हणता येईल. परंतु ज्या कारणासाठी ती रीत होती ते कारणच आता उरलेले नाही. संगणकाला ९:०७ आणि ९:१५ यांची वजाबाकी करण्यास सारखेच श्रम पडतात. मिनिटागणिक हिशेब ठेवणे आज महाग नाही. मग तो न ठेवण्याचे समर्थन कठीण होते. पूर्णांकात आणण्याची एकच आवश्यकता तांत्रिक आहे. एक-तृतीयांश हा अंश संगणकाला नेमका लिहिता येत नाही, तो अत्यंत सूक्ष्म फरकाने कमीअधिक असतो; त्यामुळे ‘आठ तासांहून अधिक आहे काय’ या प्रश्नाला क्वचित अनपेक्षित उत्तर मिळते. म्हणून तुलना करण्यापूर्वी उत्तर ‘राउंड’ सूत्राने जवळच्या मिनिटाला आणावे.

जादा कामाचा मोबदला

जादा तासांचा हिशेब करताना दोन मर्यादा एकाच वेळी पाहाव्या लागतात, रोजची आणि आठवड्याची. १९४८ च्या अधिनियमात दिवसाला नऊ तासांपलीकडील किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपलीकडील काम जादा धरले जाई. उदाहरणासाठी हेच आकडे घेऊ. एका कामगाराने सोमवारपासून शनिवारपर्यंत अनुक्रमे १०, ८, ८, १०, ८ आणि ७ असे एकूण ५१ तास काम केले. रोजच्या मर्यादेने पाहिले तर सोमवारचा एक आणि गुरुवारचा एक असे दोन तास जादा. आठवड्याच्या मर्यादेने पाहिले तर तीन तास जादा. काही तक्त्यांत या दोहोंची बेरीज करून पाच तास धरलेले आढळतात. काहींत फक्त रोजचे दोन. पहिल्यात तेच तास दुबार मोजले जातात आणि दुसऱ्यात एक तास राहून जातो. रोजचे दोन जादा तास बाजूला काढले की ४९ साधे तास उरतात. त्यांपैकी अठ्ठेचाळिसांपलीकडचा एक तास आणखी जादा. एकूण तीन. म्हणजे दोन्ही उत्तरांपैकी मोठे असेल ते घ्यावयाचे, आणि तक्त्यात त्यासाठी ‘मॅक्स’ हे सूत्र आहे. ताशी ६० रुपयांच्या दराने ४८ तासांचे २,८८० आणि तीन जादा तासांचे दुप्पट दराने ३६० असे ३,२४० रुपये होतात. सर्व ५१ तास एकाच दराने धरले असते तर १८० रुपये कमी पडले असते.

हाच कामगार शनिवारी गैरहजर राहिला असता तर आठवड्याचे तास ४४ झाले असते आणि आठवड्याच्या मर्यादेचा प्रश्न उद्भवला नसता. तरीही सोमवार व गुरुवारचे मिळून दोन जादा तास त्याचे देणे आहेतच. शनिवारच्या गैरहजेरीने सोमवारचे दहा तास आठ होत नाहीत.

या मर्यादांचे आकडे सूत्राच्या पोटात कधीही कोंबू नयेत. तक्त्याच्या माथ्यावर स्वतंत्र घरे राखून त्यांत रोजची मर्यादा, आठवड्याची मर्यादा, ताशी दर आणि जादा दराचा गुणक लिहावा आणि प्रत्येक सूत्राने तेथूनच आकडा घ्यावा. कायदा बदलतो, राज्याचे नियम व अधिसूचना निघतात, किमान वेतनाचा दर सुधारतो. आकडा एका ठिकाणी असेल तर बदल एका ठिकाणी करावा लागतो. तोच सूत्रांत विखुरलेला असेल तर दोन-चार ओळींत जुना आकडा राहून जातो आणि त्या ओळी ज्यांच्या असतील त्यांना जुन्याच दराने मजुरी मिळते. आपल्या आस्थापनेला नेमकी कोणती मर्यादा लागू आहे, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून मगच ती घरे भरावीत.

बेरजेतून वगळलेला माणूस

हार्वर्ड विद्यापीठातील कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोघा नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांच्या संबंधांवर एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशांच्या धोरणविषयक चर्चेत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ तक्ता तपासला, तेव्हा सरासरीच्या सूत्राचा पल्ला पाच ओळी अलीकडेच थांबलेला आढळला. वीसपैकी ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश त्या सरासरीतून गळाले होते. लेखकांनी ही चूक मान्य केली. हार्वर्डमध्ये जे घडले ते पंचक्रोशीतील सोसायटीच्या तक्त्यात घडणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. पंधरा तारखेला नवा कामगार रुजू होतो, कारकून त्याची ओळ सर्वांत खाली जोडतो, आणि बेरजेचे सूत्र मात्र जुन्या शेवटच्या ओळीपाशीच थांबलेले असते. त्या माणसाची हजेरी कागदावर दिसते, बेरजेत नसते. बेरजेची ओळ खाली न ठेवता वर ठेवणे, आणि कामगारांची संख्या मोजणारे एक घर ठेवून ती हजेरीपटावरील संख्येशी ताडून पाहणे, हे दोन साधे उपाय यावर पुरेसे आहेत.

शेवटी प्रश्न राहतो तो विश्वासाचा. बांधीव हजेरीपटाची पाने क्रमांकित असत, नोंद शाईची असे आणि खाडाखोड केली तर तिच्या बाजूला सही करावी लागे. खाडाखोड दिसत असे, हाच त्या पटाचा मोठा गुण होता. संगणकीय तक्त्यात ८:३० चे ८:०० करण्यास एक क्षण लागतो आणि पूर्वी तेथे काय होते याची खूण सामान्यतः उरत नाही. तेव्हा सूत्रांची घरे कुलूपबंद करून केवळ वेळांची घरे भरण्यास मोकळी ठेवावीत. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी तक्ता छापून त्यावर कामगाराची सही किंवा अंगठा घ्यावा, दुरुस्ती असेल तर ती छापील प्रतीवर शाईने करून दोघांनी सह्या कराव्यात, आणि मगच ती संगणकात भरावी. आठवड्याचा आग्रह अशासाठी की मागील बुधवारी आपण किती वाजता घरी गेलो हे माणसाला आठवते. महिन्यापूर्वीचा बुधवार आठवत नाही. छापील प्रती क्रमाने फाइलीत लावाव्यात आणि बांधीव हजेरीपट कायद्याने आवश्यक असेल तोवर तोही चालू ठेवावा.

कामगाराला द्यावयाच्या वेतनचिठ्ठीवर केवळ रक्कम नसावी. साधे तास, जादा तास, दोन्हींचे दर आणि कपाती या गोष्टी वेगवेगळ्या दाखवाव्यात, आणि तास ‘२०१ तास ३० मिनिटे’ असे शब्दांसह लिहावेत. टिंब देऊन नव्हे. घरी गेल्यावर ती चिठ्ठी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घेतली जाते, आणि तिच्यावरील आकड्यांची बेरीज त्या मुलाला वहीच्या मागच्या पानावर करून पाहता आली पाहिजे.